व्हर्टस 1.5 मॅन्युअल, 11,640 किमी: वॉरंटी शाबूत ठेवून आतापर्यंत केलेलं काम

राजे हो, लय दिवसांनी लिहितोय. मागचं अपडेट टाकलं तेव्हा ओडो 4,200 वर होता, आज सकाळी 11,640 दिसला, मधे पूर्ण उन्हाळा गेला आणि दारव्हा तालुक्यातला उन्हाळा म्हणजे काय ते इकडच्या माणसाला सांगायला नको. नवीन वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो, 2024 च्या दसऱ्याला घेतलेली फोक्सवॅगन व्हर्टस, 1.5 टीएसआय (टर्बो पेट्रोल), सहा गिअरची मॅन्युअल, 150 पीएस आणि 250 एनएम, वॉरंटी 4 वर्षं किंवा 1 लाख किमी. घरी ट्रॅक्टर, एक जुनी बोलेरो आणि ही.

पहिल्याच आठवड्यात सगळ्यांनी विचारलं की रिमॅप (सॉफ्टवेअर बदलून इंजिनची ताकद वाढवणं) कधी करतो. खरं सांगतो, मलाही करायचा होता, कोटेशनपण मागवलं होतं, पण नंतर बसून नीट वाचलं आणि थांबलो. फोक्सवॅगन ग्रुपच्या गाड्यांमध्ये ईसीयूचं, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरचं, सॉफ्टवेअर बदललं की सर्व्हिस सेंटरच्या कॉम्प्युटरला ते कळू शकतं, कंपनीच्या सर्व्हरशी ताडून पाहिल्यावर फाइल जुळली नाही तर त्या चॅसी नंबरवर टीडी1, म्हणजे सॉफ्टवेअर बदललंय असा शेरा लागतो. मग तुम्ही परत स्टॉक, म्हणजे कंपनीची मूळ फाइल टाकली तरी शेरा जात नाही, आणि इंजिन, टर्बो, गिअरबॉक्स यांचा क्लेम आला की पहिले तोच पाहतात. प्लग लावून काढता येणारे, ताकद वाढवणारे ट्यूनिंग बॉक्स सापडत नाहीत असं म्हणणारे भेटतात, पण बूस्ट (टर्बोने भरलेल्या हवेचा दाब) किती आलं, तापमान किती गेलं याच्या नोंदी इंजिन स्वतः ठेवतं. मला कोणाला फसवून क्लेम घ्यायचा नाही, आणि आमच्या इथून सर्व्हिस सेंटर इतकं लांब आहे की टर्बो गेला तर टोइंगपासूनच खर्च सुरू.

अजून एक गोष्ट, कारण दर महिन्याला कोणीतरी अमेरिकन व्हिडिओ पाहून येतं आणि म्हणतं की पार्ट बदलला म्हणून वॉरंटी नाकारता येत नाही, बिघाड त्या पार्टमुळेच झाला हे कंपनीला सिद्ध करावं लागतं. तो त्यांचा 1975 चा मॅग्नसन-मॉस कायदा आहे भाऊ, तिथला. इथे वॉरंटी पुस्तिकेत जे छापलंय त्यावरच बोलणं सुरू होतं, वाद गेला तर ग्राहक आयोगात जायचं आणि तारखा घ्यायच्या. ती पुस्तिका मी दोनदा पूर्ण वाचली, तुम्हीपण वाचा, मागच्या पानांवरची 'काय कव्हर नाही' ही यादी तर नक्की वाचा.

म्हणून मी माझ्यापुरता नियम केला: कोणतीही वायर कापायची नाही, कोणतंही सॉफ्टवेअर लिहायचं नाही, आणि जे लावलं ते घरच्या पान्याने तासाभरात काढता आलं पाहिजे. यात बसलं ते केलं.

सर्वात जास्त फरक पडला टायरने. 205/55 आर16 हीच साइज ठेवली, फक्त कंपनीचे टायर काढून चांगल्या ग्रिपचे, बाजू जरा मऊ असलेले घेतले, लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो) आणि स्पीड रेटिंग (किती वेगापर्यंत चालतो) मूळच्यापेक्षा कमी नको एवढं बघितलं. दुकानदार 215/55 घ्या म्हणून मागे लागला होता, पण हिशोब केला तर बाहेरचा व्यास साधारण 632 वरून 643 मिमी होतो, म्हणजे जवळपास पावणेदोन टक्के, तेवढाच स्पीडोमीटर कमी दाखवणार, आणि सस्पेन्शनचा किंवा व्हील बेअरिंगचा क्लेम आला की समोरच्याला बोट दाखवायला जागा मिळणार. 17 च्या रिमचा तर विचारच नको, आमच्या पांदणीतून बाहेर पडेपर्यंत एखादा रिम जाईल. जुने टायर गोठ्यावरच्या माळ्यावर झाकून ठेवलेत.

टायरसोबत व्हॉल्व्ह कॅपचे प्रेशर सेन्सर लावले. गाडीत स्वतःची वॉर्निंग आहे पण ती एबीएसच्या चाकाच्या वेगावरून अंदाज करते, आकडा सांगत नाही, शिवाय हवा भरल्यावर मेनूत जाऊन ती परत सेट करावी लागते, हे बरेच जण विसरतात. कॅपवाल्या सेन्सरला वायर नाही, डॅशवर छोटी स्क्रीन ठेवली की झालं. मे मधे कारंजा इंटरचेंजवरून समृद्धीला चढलो, घरून सकाळी थंड टायरमधे 33 पीएसआय होतं, 120 च्या लिमिटमधे नागपूरच्या दिशेने तासभर चालल्यावर 39 दिसत होतं. इथे एक विनंती आहे, गरम टायरमधून हवा सोडू नका, थंड झाल्यावर तो टायर कमी हवेवर चालतो आणि कमी हवेचाच टायर जास्त तापतो. काँक्रीटवर टायर फुटल्याच्या बातम्या आपण सगळेच वाचतो, त्यामुळे मला एचपीपेक्षा हे सहा पीएसआय समजणं जास्त मोलाचं वाटतं.

आता डॅशकॅम, कारण यात माझं डोकं लय तापलं होतं. तालुक्याच्या ठिकाणी एका दुकानात गेलो, पोरगा हुशार, हात चपळ, पण त्याने छतावरच्या लाइटची वायर ओढली आणि ब्लेडने वरचं प्लास्टिक सोलायलाच लागला. मी हात धरला. दीड इंच वायर बाहेर आली होती, तिच्यावर ब्लेडची पांढरी रेघ उमटली होती, तांबं दिसलं नव्हतं. तो म्हणे "भाऊ, टेप मारून देतो, कोणाले दिसत नाही." दिसायचा प्रश्नच नाही ना, उद्या कोणत्याही इलेक्ट्रिकल बिघाडाला तीच रेघ कारणीभूत धरतील. घरी आलो आणि दोन रविवार घालून स्वतः केलं. फ्यूज टॅप (फ्यूजच्या जागी बसणारा, वायर न कापता जोड देणारा) घेतला, मल्टिमीटरने चावी चालू केल्यावरच करंट येणारा फ्यूज शोधला, त्याच अँपिअरचा फ्यूज मूळ सर्किटला ठेवला आणि कॅमेऱ्याला वेगळा छोटा. काचेच्या बाजूच्या खांबातून वायर नेताना मात्र जीव मुठीत होता, कारण तिथे कर्टन एअरबॅग (बाजूच्या काचेवर पडद्यासारखी उघडणारी) असते. वायर एअरबॅगच्या मागून गेली पाहिजे, पुढून गेली तर बॅग उघडताना अडते. ट्रिम थोडी सैल करून टॉर्चने बघत बघत, मूळ हार्नेसला (वायरींच्या जुडीला) कापडी टेपने बांधत नेली. बाबा शेजारी खुर्ची टाकून बसले होते, शेवटी म्हणाले, "नव्या गाडीले कायले खोलतं बे? पण बांधलं मात्र मस्त हाय, इंजिनच्या वायरीसारखंच दिसते."

एअर फिल्टरबद्दल बरेच मेसेज आले. तेल लावलेला कॉटनचा फिल्टर मी घेतला नाही आणि इकडच्या कोणी घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. सोयाबीन निघतं तेव्हा थ्रेशरची धूळ, मग कापसाच्या गाड्या, मग उन्हाळ्यात उघड्या रानातली माती, हे सगळं टर्बोच्या पात्यापर्यंत जाण्यापासून अडवायचं काम कागदी फिल्टर चांगलं करतो. कंपनीचाच फिल्टर दुप्पट वेळा बदलतो. 7,000 ला काढलेला फिल्टर झटकला तर घड्यांमधून पीठासारखी लाल-काळी धूळ पडली आणि आतली बाजू स्वच्छ पांढरी होती, त्यानंतर माझ्या मनात दुसरा विचार आला नाही.

तेलाचंही तसंच. कंपनीचा अंतराल 15,000 किंवा एक वर्ष आहे, मी मधे 7,500 ला एकदा जास्तीचं करतो, मॅन्युअलमधल्या मान्यतेचंच तेल आणि सर्व्हिस सेंटरमधेच, जॉब कार्ड आणि बिलासकट. बाहेर स्वस्तात होतं हे मला माहीत आहे, पण तो कागद मला हवा आहे.

ब्रेकवर अजून काम सुरू आहे. मार्चमधे परतवाड्यावरून चिखलदऱ्याला गेलो होतो, चढताना गाडीने मन भरून दिलं, तिसऱ्या गिअरमधे 1,600 पासूनच टॉर्क हाताशी असल्यामुळे प्रत्येक वळणातून ओढून काढते. उतरताना चौघं आणि सामान असल्यामुळे अर्ध्या घाटात पुढून वास यायला लागला आणि पेडल थोडं लांब गेलं. थांबलो, पाऊण तास चहा घेतला, मग पूर्ण उतार दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमधे उतरलो, तेव्हा काही त्रास नाही, म्हणजे चूक माझ्या गिअरची होती. मागे ड्रमच आहेत, त्यांना हात लावायचा नाही. डॉट 4 ब्रेक ऑइलचा उकळबिंदू नवीन असताना किमान 230 अंश असतो पण पाणी शोषलं की 155 पर्यंत उतरतो, म्हणून दोन वर्षांची वाट न बघता दरवर्षी पावसाळ्यानंतर बदलणार आहे. पुढचे पॅड संपतील तेव्हा जास्त तापमान सोसणारे टाकायचा विचार आहे, पॅड तसेही झिजणारा भाग म्हणून वॉरंटीत नसतात. कोणी व्हर्टसला वापरले असतील तर थंड असताना आवाज करतात का तेवढं सांगा.

एक्झॉस्टचं विचारू नका. मित्राच्या दुसऱ्या कंपनीच्या गाडीला बाहेरचा डाउनपाइप (टर्बोला लागून असलेला धुराचा पाइप) आणि एक्झॉस्ट टाकला, टर्बोचा क्लेम नाकारला गेला आणि वर पोलिसांनी चलान फाडलं. 2019 च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की कंपनीच्या मूळ रचनेपासून वेगळा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे चालत नाही, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीत प्रत्येक बदलामागे 5,000 दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आली. त्या पोराने दोन वर्षं पैसे जमवून गाडी घेतली होती, त्याचा चेहरा पाहून मला रात्री झोप नाही लागली.

इंजिन गार्ड (इंजिनखालचं आवरण) आणि मडफ्लॅप डीलरकडूनच घेतले, पार्ट नंबरसकट बिलावर आहेत. इन्शुरन्सवाल्यांना जे लावलं त्याची यादी ईमेल केली आणि आलेलं उत्तर प्रिंट करून फाइलमधे लावलं.

परवा पहिला पाऊस झाला. शेतातून आल्यावर गार्डच्या आत हात घालून बघितलं तर काळ्या मातीचा चार बोटं थर बसला होता, वाळला की सिमेंटसारखा होतो आणि तेल सोडायचं झाकणच दिसत नाही. म्हणून आजपासून दर रविवारी जॅक, मोटारचा पाइप आणि एक लाकडी काडी, लोखंडी नको, कोटिंग निघतं.