दोन बोटं खाली

११ जानेवारी, परभणी

आज टेप घेऊन अर्धा तास गाडीभोवती उकिडवा बसलो होतो. दाराखालच्या पत्र्याची जमिनीपासून उंची मोजली: पुढच्या टोकाला २४ सेंटिमीटर, मागच्या टोकाला २७. वहीत आकडे लिहिले तेव्हा बरं वाटलं. ती मागून उंच दिसते हा माझ्या डोळ्यांचा भास नव्हता.

गेल्या वर्षी मागचे पाटे (एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा) नवे टाकले तेव्हापासून हे चालू आहे. आमची पद्मिनी १९७९ ची. १०८९ सीसीचं इंजिन, गिअर स्टेअरिंगवर. पुढे विशबोन (चाक धरणारे दुबेळके हात) आणि कॉइल, म्हणजे वेटोळ्याची स्प्रिंग, मागे पाटे. पाटे ओझ्यासाठीच असतात. रिकाम्या गाडीत ते कमानीसारखे वाकून राहतात आणि मागचा भाग उचलून धरतात. लहानपणी ही गाडी मी रिकामी कधी पाहिलीच नाही. औंढ्याला निघालो की सात जणं, वर डिकीत पितळी डबे आणि सतरंजी. तिची ती बसलेली, रस्त्याला धरून चाललेली चाल माझ्या डोळ्यांत पक्की आहे. आता चालवणारा मी एकटा. मागून पाहिलं की ती परक्या घरी उभी असल्यासारखी वाटते.

ठरवलं. खाली घ्यायची. फार नाही, दोन बोटं.

१४ जानेवारी

तिळगूळ घेऊन चाचांकडे गेलो. गेली पंचवीस वर्षं गाडीला त्यांचाच हात लागतो. ऐकून घेतलं, पान लावलं आणि म्हणाले, "काटते तो काट देते साब, जोड नई सकते."

दुपारभर बसलो त्यांच्याकडे. कॉइल कापली की गाडी नुसती खाली येत नाही, कडकही होते, हे मला वाचून माहीत होतं. त्यांना हाताने माहीत आहे. समजा आठ कार्यरत वेढ्यांची स्प्रिंग आहे आणि एक वेढा कापला. उरले सात. तेवढ्याच वजनाखाली आता सातच वेढे दबणार, म्हणून कडकपणा आठास सात या प्रमाणात वाढतो, साधारण १४ टक्के. शिवाय विशबोनवर स्प्रिंग चाकापासून आत बसलेली असते, त्यामुळे तिथे बोटभर कमी केलं तर चाकापाशी त्याहून जास्त उतरतं. म्हणून थोडं थोडंच कापायचं, लावून बघायचं, परत काढायचं. गॅस कटर मात्र लावायचाच नाही. आचेने स्प्रिंगचं पाणी (पोलादाला दिलेली ताकद) उतरतं आणि मग ती महिन्या-दोन महिन्यांत आपोआप बसते, तीही एक बाजू जास्त, एक कमी. शहरात एका ठिकाणी मला गॅसनेच "दहा मिनिटांत करून देतो" म्हणाले होते. उठून आलो ते बरं केलं.

मागचा एक पाटा काढून टाकू, हेही चाचांनी मोडीत काढलं. पाटा काढला की गाडी बसते, पण कमजोर होऊन. त्यापेक्षा कमानच उतरवायची. "भट्टी नक्को, ठंडी मारेंगे."

मूळ स्प्रिंगांना हात लावणार नाही. भंगार बाजारातून एक जोडी शोधतो आणि ती कापू. २०२१ च्या नियमांत व्हिंटेज नोंदणीसाठी पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली आणि मूळ रूपात राखलेली गाडी लागते. आमच्या गाडीला ५० होतील २०२९ साली. तेव्हा सगळं जसंच्या तसं परत बसवता आलं पाहिजे.

१९ जानेवारी

काम झालं. सकाळी आठला सुरू केलं, दिवेलागणीपर्यंत चाललं.

दाबलेली कॉइल म्हणजे ताणलेली गलोल. ती उतरवताना चाचांनी पोराला समोर उभं राहू दिलं नाही, जॅक मिलीमिलीने सोडला. पातळ चकतीच्या ग्राइंडरने अर्धा वेढा कापला, मधेमधे पाणी मारत. मागचे पाटे सोडवून एकेक करून ऐरणीवर घेतले. घण नाही, हातोडा. ठोकायचं, जमिनीवर ठेवून कमान मोजायची, परत ठोकायचं. डावा-उजवा जोडीने चालला पाहिजे. त्या ठोक्यांत एक लय येते, मला तिथून हलवेना. पाटा सपाट झाला की लांबीला वाढतो, त्यामुळे मागची शॅकल (पाट्याचं टोक बॉडीला जोडणारी हलती कडी) थोडी कलली. बुश तेवढे नवे टाकले. पाटा वर आदळू नये म्हणून असलेल्या रबरी गुटक्यापर्यंत किती जागा उरते तेही बघितलं. उरते, पण पूर्वीइतकी नाही.

आता पुढे २२, मागे साडेबावीस.

मूळ स्प्रिंगांना ग्रीस फासून, गोणपाटात गुंडाळून माळ्यावर ठेवल्या. त्यावर खडूने तारीख लिहिली.

अण्णा काठी टेकत अंगणात आले. एक चक्कर मारली. "काय करायलास रे तिला?" म्हणाले. सांगितलं. पुढे काही बोलले नाहीत, पण मडगार्डवर हात ठेवून उभे राहिले बराच वेळ.

२१ जानेवारी

अलाइनमेंट करून आणलं. गाडी खाली आली की चाकांची वरची बाजू आत झुकते, टो, म्हणजे चाकं पुढून आत-बाहेर किती वळलीत तेही, बदलतो. तसंच चालवलं तर टायर आतून खाल्ले जातात.

मग गंगाखेड रोडला काढली. वळणावर ती आता डुलत नाही. हा आनंद मी पुरता लिहू शकत नाही. पण रस्ता जास्त ऐकू येतो. आपली काळी जमीन पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरचा डांबरी थर लाटांसारखा होतो. आधी त्या लाटा पाटे गिळत होते, आता पाठीला कळतात. इंडियन रोड्स काँग्रेसच्या शिफारशीत गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच सांगितलाय. वाटेतल्या गावात आडवा पडलेला होता तो हातभर रुंद. तिरपी घातली, तरी सायलेन्सर घासला.

२६ जानेवारी

झेंडावंदन करून अण्णांना घेऊन शेतातल्या आखाड्यावर निघालो. हुरडा आलाय, परभणी मोतीची कणसं भरलीत. ओढ्याच्या फरशीपर्यंत नीट गेलो. पुढे पांदण. उसाच्या ट्रॅक्टरांनी चाकोऱ्या खोल केल्यात आणि मधला उंचवटा वाळून दगड झालाय. वीस पावलं गेलो आणि पोटाखालून तो आवाज आला. उतरून खाली पाहिलं, इंजिनखालचं तेलाचं चेंबर वाचलं होतं.

सेहेचाळीस वर्षांत ही गाडी आखाड्यावर पोचली नाही असं झालं नव्हतं. बी-बियाणं, खताच्या गोण्या, बाळंतीण आत्या, सगळं हिनेच नेलं-आणलं. मला काही सुचेना.

अण्णा उतरले. "चल, पायी जाऊ." अर्धा किलोमीटर आम्ही धुऱ्याधुऱ्याने गेलो, मी त्यांचा हात धरून. आगटीपाशी बसल्यावर त्यांनी विचारलं, "परत उंच करणार का?"

"तुम्ही म्हणाल तर उद्याच."

ते कणीस चोळत राहिले. मग म्हणाले, "चांगली दिसायली पण. तुझी आई असताना दिसायची तशी."

१ फेब्रुवारी

पहाटे टिकाव आणि फावडं घेऊन पांदणीत गेलो. रात्रीच्या दवाने वरची कड मऊ होती, आतून माती चिवट. चाकोऱ्यांत भर टाकत मधला उंचवटा छाटला. शेजारच्या शेतातला गडी आला आणि न विचारता दुसऱ्या बाजूने लागला. नऊपर्यंत साठेक पावलं झाली. हातांना फोड आलेत.

अजून ओढ्याच्या वळणापासून आंब्यापर्यंतचं राहिलंय. रविवारी परत.