तुम्ही विचारलंत म्हणून: फोटो-फायलींसाठी कुठलं क्लाउड घेऊ?

दर थोड्या दिवसांनी कुणी ना कुणी विचारतंच. फोन भरलाय, लॅपटॉप म्हातारा झालाय, फोटो आणि कागदपत्रं कुठे टाकू, गूगल ड्राइव्ह की ड्रॉपबॉक्स की अजून कुठलं? आणि उत्तर एका ओळीत हवं असतं. तर घ्या एका ओळीत: तुमच्या फोनबरोबर जे आलंय तेच घ्या. आयफोन-मॅक असेल तर आयक्लाउड, अँड्रॉइड असेल तर गूगल, आणि दिवसभर विंडोज, वर्ड, एक्सेलमध्येच असाल तर वनड्राइव्ह. कारण साधं आहे, फोटो आपोआप वर गेले तरच जातात, "मी दर रविवारी स्वतः अपलोड करीन" असं म्हणणारे दोन-तीन रविवार करतात आणि मग विषय संपतो.

फुकट किती मिळतं यावरून मात्र निवडू नका. गूगलचे १५ जीबी भरपूर वाटतात, पण त्यातच जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो असं सगळं बसवायचं असतं, आणि ते भरलं की नवीन मेलही यायच्या बंद होतात. आयक्लाउड आणि वनड्राइव्ह ५ जीबी देतात, ड्रॉपबॉक्स २, म्हणजे आजच्या फोनवरचे थोडेसे व्हिडिओ झाले की खेळ खलास. शिवाय फुकटचं कधी आटेल सांगता येत नाही. गूगल फोटोजमध्ये जरा कमी क्वालिटीचे फोटो हवे तेवढे ठेवता यायचे, १ जून २०२१ पासून ते बंद झालं. वनड्राइव्हने २०१५ मध्ये काही ग्राहकांना दिलेलं अनलिमिटेड मागे घेतलं आणि फुकटचे १५ जीबी ५ वर आणायचं जाहीर केलं. अ‍ॅमेझॉन ड्राइव्ह तर ३१ डिसेंबर २०२३ ला बंदच झालं, एवढी मोठी कंपनी असून. त्यामुळे जे घ्याल त्याचा छोटा पेड प्लॅन घ्या, आणि कधीतरी इथून निघावं लागणार हे धरूनच चला.

आता खरी गोष्ट, जी कुणी विचारत नाही. हे सगळे प्रकार मुळात सिंकचे आहेत, बॅकअपचे (म्हणजे वेगळ्या जागी जपलेल्या प्रतीचे) नाहीत. सिंक म्हणजे काय, तर इथे जे कराल ते तिथेही होणार. फोनची जागा मोकळी करायला फोटो उडवलेत तर ते क्लाउडवरूनही उडाले (आयफोनवर लोक इथेच फसतात, फोटो डिलीट करताना तो सगळ्या डिव्हाइसवरून जाईल असं स्पष्ट लिहून येतं पण वाचतो कोण). लॅपटॉपमध्ये रॅन्समवेअर (फायली कुलूपबंद करून पैसे मागणारा व्हायरस) शिरलं आणि फायली कुलूपबंद झाल्या की त्या कुलूपबंद फायलीच इमानदारीत वर चढतात. कचरापेटी असते, ड्राइव्हमध्ये ३० दिवसांची, जुन्या आवृत्त्याही काही काळ मिळतात, पण गेलेलं फोल्डर तुम्हाला तीन महिन्यांनी आठवलं तर काय करणार?

आणि वाटतं त्यापेक्षा जास्त वेळा अडचण फायलीची नसतेच, अकाउंटची असते. २०२२ मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये एक प्रकरण आलं होतं. एका बापाने डॉक्टरला दाखवायला आपल्या आजारी लहान मुलाचे फोटो काढले, ते आपोआप क्लाउडवर गेले, गूगलच्या यंत्रणेने ते बालशोषणाचे समजून अकाउंट बंद केलं. पोलिसांनी तपास करून गुन्हा नाही म्हटलं, तरी अकाउंट परत मिळालं नाही. मेल, फोटो, कॉन्टॅक्ट, सगळं एका किल्लीत. असं क्वचितच होतं, मान्य. पण फोन नंबर बदलला, टू-स्टेपचा (पासवर्डनंतर मागतात तो) कोड जुन्या सिमवर जातोय, रिकव्हरी कोड (अकाउंट अडकलं तर आत जायचे राखीव कोड) कधी काढलेच नव्हते, हे मात्र सर्रास होतं. ते कोड आजच काढा आणि कागदावर लिहून ठेवा. आणि एखादं जुनं गूगल अकाउंट दोन वर्षं उघडलंच नाही तर त्यातला डेटा उडू शकतो, तेव्हा "तिथे ठेवलंय, राहू दे" असं करू नका.

म्हणून क्लाउड एक आणि घरात एक बाहेरची हार्ड डिस्क, एवढं तरी कराच. डिस्क कॉपी झाली की काढून कपाटात ठेवायची, सतत लावून ठेवली तर रॅन्समवेअर तिलाही धरतं.

प्रायव्हसीचं विचारणारेही असतात. गूगल, वनड्राइव्ह, ड्रॉपबॉक्सच्या नेहमीच्या अकाउंटवर तुमच्या फायली एन्क्रिप्ट (म्हणजे कुलूपबंद) होतात खऱ्या, पण किल्ली कंपनीकडे असते. आयक्लाउडमध्ये डिसेंबर २०२२ पासून अ‍ॅडव्हान्स्ड डेटा प्रोटेक्शन आलंय (सगळीकडे मिळत नाही), ते तुम्हीच चालू करायचं असतं आणि केल्यावर किल्ली फक्त तुमच्याकडे, म्हणजे पासवर्ड आणि रिकव्हरी की दोन्ही हरवलं तर अ‍ॅपलही काही करू शकत नाही. मला विचाराल तर सगळ्या फोटोंना एवढं कडेकोट कुलूप नको. ओळखपत्रं, मेडिकल रिपोर्ट, करार, एवढंच क्रिप्टोमेटरसारख्या ओपन सोर्स अ‍ॅपने आधी लॉक करा आणि मग कुठल्याही ड्राइव्हमध्ये टाका.

लाइफटाइम प्लॅनच्या जाहिराती येतात, एकदा पैसे भरा आणि आयुष्यभर वापरा. आयुष्य कुणाचं, तुमचं की कंपनीचं, हे त्या जाहिरातीत नसतं. मी घेणार नाही.

शेवटी, घेण्याआधी बाहेर पडून बघा. गूगलचा डेटा टेकआउट या गूगलच्याच सोयीतून उतरवता येतो, पण दोन गोष्टी आधीच कळलेल्या बऱ्या. कॉम्प्युटरवर ड्राइव्हच्या फोल्डरमध्ये गूगल डॉकची जी फाइल दिसते ती नुसती लिंक असते, ती हार्ड डिस्कवर कॉपी केलीत तर आतला मजकूर येत नाही, टेकआउटमधून वर्ड फाइल करून घ्यावी लागते. आणि फोटोंबरोबर तारीख-ठिकाणाची माहिती वेगळ्या जेसन (.json) नावाच्या मजकुराच्या फायलींमध्ये येते, त्यामुळे दुसरीकडे टाकल्यावर काही फोटो डाउनलोड केल्याच्या तारखेला जाऊन बसतात. थोडेसे फोटो उतरवून, उघडून, तारखा नीट आहेत का ते बघा आणि मगच वर्षभराचे पैसे भरा.