इझेनहाइमचे संत अंतोनी, नोंद तिसरी: कोपऱ्यातला रोगी

तीन आठवडे झाले, ‘संत अंतोनींचा मोह’ या जुन्या चित्रफलकाची कागदावर नक्कल करताना मी डाव्या खालच्या कोपऱ्यातच आहे. संतांचे केस ओढणारी भुतं अजून पेन्सिलीतच आहेत. कारण हा कोपऱ्यातला माणूस सोडवतच नाही.

नवीन आलेल्यांसाठी: हे अंतोनी पादुआचे नव्हेत, इजिप्तच्या वाळवंटातले तपस्वी. टी-आकाराची काठी, घंटा आणि डुक्कर ही त्यांची ओळख. जर्मन चित्रकार ग्रूनेवाल्डने १५१२ ते १५१६ च्या दरम्यान आजच्या फ्रान्समधल्या अल्सास प्रांतातल्या इझेनहाइमच्या मठासाठी ही अनेक फलकांची वेदी रंगवली; हा फलक तिचाच एक भाग. आता ती कोलमारच्या संग्रहालयात आहे. मठ अंतोनींच्या नावाने चालणाऱ्या संघाचा होता आणि तिथे ‘संत अंतोनींची आग’ झालेल्यांची सेवा व्हायची. राय नावाच्या धान्यावर बुरशी पडायची, त्या धान्याची भाकरी पोटात गेली की अंगाची लाही व्हायची, हातपाय काळे पडून गळायचे. आपल्याकडे बाजरीच्या कणसावर पडणारा अरगट हा बुरशीचा रोग त्याच कुळातला.

आता तो माणूस. फुगलेलं पोट, अंगभर फोड, हिरवट कातडी, मागे टाकलेलं डोकं. पावलं मात्र बदकासारखी, बोटांमध्ये पडदा असलेली! भूत की रोगी, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. मला विचाराल तर रोगीच. पोट रंगवताना हात आपोआप हळू होतो, भुतासाठी तसा होत नाही.

ते पोट तीनदा चुकलं. आधी व्हिरिडियन हा हिरवा रंग जास्त पडला आणि कच्च्या कैरीचा रंग आला. मग यलो ऑकर (मातकट पिवळा) आणि रॉ अंबर (तपकिरी) यांचा पातळ वॉश दिला, पूर्ण वाळू दिला आणि वरून व्हिरिडियनचा अगदी पाणीदार ग्लेझ, म्हणजे पारदर्शक थर. जमलं. फोड ओल्यावर टाकू नका, पसरतात. कोरड्या कागदावर शून्य नंबरच्या ब्रशने एकेक ठिपका, आणि त्याच्या एका कडेला उजेडाची बारीक रेघ सोडायची. त्या रेघेनेच फोड कातडीच्या वर उठतो.

खाली उजव्या कोपऱ्यात एक कागद रंगवलाय. त्यावर लॅटिनमध्ये अंतोनींची तक्रार: भल्या येशू, कुठे होतास, माझ्या जखमा बऱ्या करायला का आला नाहीस? मठातल्या रोग्यांना या वेदीपुढे आणत असत. ज्याच्याकडे बरं व्हायला यायचं, तो संतच जमिनीवर पडून हेच विचारतोय. ती अक्षरं मी अजून लिहिलेली नाहीत. हात स्थिर असेल त्या सकाळी, एका बैठकीत लिहायची आहेत.

त्यानंतर शेजारचा फलक, अंतोनी आणि संत पौल तपस्वी यांच्या भेटीचा. तिथे दोघांच्या पायाशी औषधी वनस्पती आहेत. पानांच्या शिरा दिसतील इतका जवळचा फोटो कुणाकडे असेल तर जरूर कळवा.