चाळीस दिवस आणि आईचा व्हिसा

लेक झाली तेव्हा आई साताऱ्याहून डिंक, अळीव, बाळंतशेपा घेऊन कॅलिफोर्नियातल्या ओकलंडला आली. ओव्याच्या धुरीने घरातला अलार्म दोनदा वाजला. हे असलं बाळंतपण फक्त आपल्यातच, असं मला वाटायचं. मग खालच्या मजल्यावरची मेक्सिकोची शेजारीण बाळंत झाली. त्यांच्यातही चाळीस दिवसांची 'कुआरेन्तेना' असते! कोंबडीचं गरम सूप, पोटाला पट्टा, डोक्याला रुमाल, गारठ्यात जायचं नाही. आई म्हणाली, "अगं, ही तर आपल्यातलीच."

पण तिच्या आईला व्हिसा मिळाला नाही. ती माउली व्हिडिओ कॉलवर सुपात काय घालायचं ते सांगायची. घालायला घरात कुणी नव्हतं. नवरा दिवसभर बांधकामावर. ही लोकांची घरं साफ करणारी, रोखीने पैसे घेणारी. कॅलिफोर्नियात बाळासाठी ८ आठवडे पगारी रजा मिळते, पण तो पैसा पगारातून कापलेल्या विम्याचा. हिच्या पगारातून काही कापलंच जात नाही, मग मिळणार कुठून? तिसऱ्या आठवड्यात बाई पुन्हा झाडू हातात घेऊन उभी.

रात्री रडू येतं म्हणाली. 'नेर्वियोस' आहे, म्हणजे मनाची घालमेल, होईल बरं. नैराश्य हा शब्द तिने एकदाही काढला नाही. दवाखान्यात बाळंतपणातलं नैराश्य ओळखायला एडिनबरो प्रश्नावली देतात, मागच्या ७ दिवसांबद्दलचे १० प्रश्न, स्पॅनिशमध्येसुद्धा. हिने सगळं ठीक असल्याच्याच खुणा केल्या. का, तर खरं लिहिलं की बाळ काढून नेतील. कागदपत्रं नसलेल्या बाईला ही भीती कशी वाटते, ते ग्रीन कार्डाच्या रांगेवर कुरकुरणाऱ्या आम्हाला काय कळणार!

ओकलंडसमोरच्या खाडीपलीकडे, सॅन फ्रान्सिस्कोत, रिकार्डो मुन्योस आणि सहकाऱ्यांनी अशा गरोदर बायकांसाठी 'मामास इ बेबेस' हा वर्ग तयार केला. नैराश्य येण्याआधीच बायकांनी एकत्र बसायचं. कशाने बरं वाटतं, मनात काय घोळतं, हाकेला कोण येतं, हे बोलायचं. औषध नाही. २०१९मध्ये अमेरिकेच्या सरकारी तज्ज्ञ समितीनेही धोका असलेल्या बायकांना असं समुपदेशन आधीच द्या, असं सांगितलं. धोक्याच्या खुणांत गरिबीही होती.

शेजारणीला मी अशा एका गटात सोडून आले. पहिल्या दिवशी ती गप्पच बसली म्हणे. दुसऱ्यांदा मात्र स्वतःहून गेली.

आई आता साताऱ्यात. फोन लावला की आधी माझं नाही, तिचं विचारते, "जेवली का गं ती?"