तिळ्या माणसाळला असं वाटलं तेव्हा

संक्रांतीच्या आधी आठवडाभर आमच्या घरी ससा आला. पांढराशुभ्र, पाठीवर तिळाएवढे काळे ठिपके, म्हणून लेकीने नाव ठेवलं तिळ्या. दुकानदार म्हणाला, "दोन महिन्यांचा आहे. गाजर द्या, दुधात पाव भिजवून द्या, काही त्रास नाही." पहिले चार दिवस तिळ्या कुणाच्या हाताला लागला नाही. उचलायला गेलं की मागचे पाय असे झाडायचा, की नवऱ्याच्या मनगटावर ओरखडे उठले. पाचव्या दिवशी सकाळी मात्र लेकीने त्याला मांडीवर घेतलं आणि तो चक्क बसून राहिला. अंग चोरून, गोळा होऊन, डोळे अर्धे मिटून. "माणसाळला बाई एकदाचा," म्हणत मी व्हिडिओ काढला आणि घरच्या ग्रुपवर टाकला. भराभर बदाम आले.

तो व्हिडिओ आता मला बघवत नाही. त्यात पिल्लू आजारी आहे हे स्पष्ट दिसतं. बारीक करकर ऐकू येते, ते त्याचे दात. लाडात आला की ससा दात हलके वाजवतो हे मी वाचलं होतं, त्यामुळे मला तेही कौतुकाचंच वाटलं. पोट दुखत असलं की ससा दात करकरा खातो, जोरात, हे पुढचं वाक्य मी वाचलं नव्हतं.

दुपारी वाटीतलं गाजर तसंच पडलेलं. माझ्या सगळ्यात आवडत्या समजुतीप्रमाणे मी अंगाला हात लावून पाहिलं. गरम नव्हतं, म्हणजे ताप नाही. कान तर गारच होते. सासूबाई म्हणाल्या, "पोट बिघडलं असेल, एक दिवस लंघन घडू दे, आपोआप ठीक होईल." आमच्या घरात पोटाच्या प्रत्येक तक्रारीवर पहिला उपाय लंघन. मलाही पटलं. मी वाटी उचलून ठेवली. त्या दिवशी मी केलेल्या चुकांमध्ये ही सगळ्यात मोठी.

दुसरी चूक त्याआधीच झाली होती. आल्याच्या दुसऱ्या दिवशी पिंजऱ्याच्या ट्रेमध्ये काळपट, चकचकीत, एकमेकांना चिकटलेल्या मऊ गोळ्यांचा पुंजका दिसला होता. द्राक्षाच्या घडासारखा (सांगलीत राहून दुसरी उपमा कुठून सुचणार). मी घाबरून शोधाशोध केली, तेव्हा कळलं की ससा दोन प्रकारची शी करतो. एक कोरडी गोल लेंडी आणि दुसरी ही मऊ, जी तो स्वतः परत खातो, कारण त्यात त्याच्या आतड्यात तयार झालेली जीवनसत्त्वं असतात. मी निवांत झाले, जरा जास्तच. चौथ्या दिवशी ट्रेमध्ये खरोखरची पातळ, शेंबडासारखी चिकट घाण दिसली, बुडाचे केस लडबडलेले दिसले, तेव्हा मी शहाण्यासारखं लेकीला सांगितलं, "असू दे, सशांचं असंच असतं."

संध्याकाळी लेकच म्हणाली, "आई, आज एकपण लेंडी नाहीये." ट्रे खरंच कोरडा होता. एरवी दिवसातून तीनदा झाडावा लागणारा ट्रे. मग मी पोटाला हात लावला. ताणलेलं, टपटप वाजेल असं. उचलल्यावर एकदाही पाय झाडला नाही. केकसाठीच्या वजनकाट्यावर ठेवला, ३७२ ग्रॅम. आणला तेव्हा हौसेने वजन केलं होतं, ते ४१० होतं.

ओळखीच्या गुरांच्या डॉक्टरांना फोन लावला. ते सरळ म्हणाले, "वहिनी, म्हैस असती तर आत्ता आलो असतो. सशाचं मला फारसं कळत नाही. कोल्हापूरला एक जण सशांचं बघतात, आजच जा. उद्यावर टाकू नका." आम्ही निघण्याच्या गडबडीत होतो. मला फ्रिजमधलं लेकीचं घशाचं ॲन्टिबायोटिक आठवलं, उरलेलं. दोन थेंब पाजावेत का? नवरा म्हणाला, "विचारल्याशिवाय नको." बुटाच्या खोक्यात टॉवेल, त्याखाली गरम पाण्याची बाटली, असा तिळ्याला घेऊन तासा-सव्वा तासात कोल्हापूर गाठलं.

डॉक्टरांनी आधी थर्मामीटर लावला. ९८.२. मला हायसं वाटलं, त्यांचा चेहरा मात्र उतरला. "माणसाला नॉर्मल, सशाला गार," ते म्हणाले. सशाचं अंग १०१ ते १०४ फॅरनहाइटच्या दरम्यान असायला हवं, ताप नसून तो थंड पडत चालला होता. दात बघून म्हणाले, "दोन महिने? पाच आठवड्यांचं असेल जेमतेम. आईच्या दुधावरून लवकर तोडलंय." मग काडीवर जराशी घाण घेऊन आत गेले, आणि आम्हाला मायक्रोस्कोपमध्ये डोकवायला लावलं. अंडाकृती, दुहेरी कडेचे ठिपके. कॉक्सिडिया. लहान पिल्लांच्या आतड्यात होणारा परजीवी, एका पिंजऱ्यात पंधरा-वीस पिल्लं कोंबली की एकाकडून सगळ्यांना. त्यात गाजर आणि दूध-पाव यांनी भर घातली होती, आणि वरून माझं लंघन.

त्यांनी समजावलेलं साधंच होतं. सशाला उलटी होत नाही. आत गेलेलं पुढेच सरकावं लागतं, आणि ते सरकतं चाऱ्याच्या जोरावर. खाणं थांबलं की आतडी मंदावतात, गॅस धरतो, पोट दुखतं, दुखतं म्हणून तो आणखी खात नाही. दहा-बारा तास काही खाल्लं नाही तर मोठ्या सशाचीसुद्धा ती तातडीची वेळ. ॲन्टिबायोटिकची बाटली पर्समध्ये होतीच. त्यांनी नाव वाचून बाटली बाजूला ठेवली. अमॉक्सिसिलिन. तोंडावाटे दिलं तर सशाच्या आतड्यातले चांगले जिवाणू मरतात आणि वाईट माजतात, त्यानेच जीव जातो. मी नवऱ्याकडे पाहिलं नाही.

आधी ऊब, मग कातडीखाली कोमट सलाईन, दुखण्याचं इंजेक्शन, परजीवीवरचं औषध. घरी परत पाठवताना गवताच्या पुडीची पेज आणि सुई काढलेली सिरिंज दिली. दर तीन तासांनी, गालाच्या कडेने, थोडं थोडं. समोरून पिचकारी मारली तर ठसका लागून फुप्फुसात जातं, हे त्यांनी दोनदा बजावलं.

त्या रात्री अकराला पाजलं, बरंचसं माझ्या गाऊनवर. दोनला जरा गिळलं. दोनच्या पाळीला सासूबाई स्वतः उठून आल्या, पेज कोमट करून दिली, लंघनाबद्दल दोघीही काही बोललो नाही. चार वाजायला वीस मिनिटं होती तेव्हा टॉवेलवर काहीतरी काळं दिसलं. मोहरीच्या दाण्याएवढ्या, वेड्यावाकड्या, तीन लेंड्या. मी नवऱ्याला हलवून उठवलं. तो झोपेत म्हणाला, "काय झालं? गेला का?" मी म्हटलं, "नाही, तीन झाल्या!"

पुढचे दहा दिवस साफसफाईचे. विष्ठेतली कॉक्सिडियाची अंडी ओलाव्यात एक-दोन दिवसांत पिकतात आणि पुन्हा पोटात जायला तयार होतात, म्हणून ट्रे रोज उकळत्या पाण्याने धुऊन उन्हात कडकडीत वाळवायचा. फिनेलला ती दाद देत नाहीत. गाजर बंद, पाव-दूध कायमचं बंद. गोठेवाल्या काकांकडून वाळलेलं गवत आणि थोडा वाळलेला लसूणघास येऊ लागला. काका पैसे घेत नाहीत, "मूठभर तर नेताय" म्हणतात.

दुकानात गेले होते मी. वय चुकीचं सांगितलंत, बाकीच्या पिल्लांना तपासून घ्या, म्हटलं. मालक म्हणाले, "ससे नाजूकच असतात हो ताई, दुसरा देऊ का?" पिंजऱ्यात तेव्हा नऊ होते. एक कोपऱ्यात शहाण्यासारखा बसला होता, अंग चोरून.

तिळ्या आता दीड किलोचा आहे आणि पुन्हा कुणाच्या हाताला लागत नाही. लेक शाळेला निघण्याआधी ट्रेमध्ये डोकावते आणि स्वयंपाकघराकडे ओरडते, "आई, भरपूर आहेत, हरभऱ्याएवढ्या!" पाहुणे आलेले असले तरी.