विसावुओरी: शिल्पकाराच्या घरापर्यंतची वाट

"बसमधून उतरलात की जवळच आहे," असं मला फिनलंडमधल्या विसावुओरीबद्दल, म्हणजे शिल्पकार एमिल विक्स्ट्रोमच्या घराबद्दल, ज्याने सांगितलं तो स्वतः तिथे नक्की गाडीने गेला असणार. बस सोडून निघून जाते आणि पुढे गावरस्ता. फूटपाथ नाही. कडेला हातभर मुरमाची पट्टी, तीही पावसाने खचलेली, आणि ओंडके भरलेले ट्रेलर अंगावर पाणी उडवत जातात. सावली नाही, टपरी नाही, विचारायला माणूस नाही. मी रोज चालणारा माणूस आहे, तरी पोचेपर्यंत वैतागलो. लहान मुलं किंवा म्हातारी माणसं बरोबर असतील तर या वाटेच्या नादी लागू नका.

परतीला टॅक्सी बोलावली, तर हेलसिंकीच्या रेल्वे तिकिटापेक्षा जास्त पैसे गेले. फिनलंडमध्ये 2018 पासून टॅक्सीचे दर खुले आहेत. आकडा ठरल्याशिवाय दार उघडू नका. तिघंचौघं असाल तर सरळ गाडी भाड्याने घ्या. उन्हाळ्यात तलावातून बोटही येते. वेळापत्रक जुळलं तर तीच घ्या.

आता एवढं करून जावं का? जावं. एमिल विक्स्ट्रोमचं (1864–1942) इथलं पहिलं घर 1896 मध्ये जळालं. खचून न जाता पठ्ठ्याने 1902 मध्ये दुसरं उभारलं आणि पुढच्याच वर्षी शेजारी स्टुडिओ. घर सुंदर आहे, पण वेळ राखून ठेवा तो स्टुडिओसाठी. शहरातल्या पुतळ्यांत मान वर करून बघावी लागणारी माणसं इथे प्लास्टरमध्ये नजरेसमोर येतात. एका चेहऱ्यावर कानामागून हनुवटीपर्यंत साच्याच्या जोडाची रेघ दिसली. ब्राँझमध्ये ती घासून टाकतात. नातू कारी सुओमालाइनेन व्यंगचित्रकार होता, त्याचं वेगळं दालन आहे. फिनिश राजकारण माहीत नसेल तर पंधरा मिनिटं पुरे.

विक्स्ट्रोमचे हेलसिंकीतले पुतळे पायीच बघून होतात. रेल्वे स्टेशनच्या दाराशी गोल दिवे धरलेले चार ग्रॅनाइटचे पुरुष (1914) सगळेच बघतात. तिथे सेल्फीवाल्यांची गर्दी. मी थांबलो नाही. फिनलंड बँकेसमोरचा विचारवंत स्नेलमनचा पुतळा (1923) मात्र चुकवू नका. 1944 च्या बॉम्बहल्ल्यात चौथऱ्याचे टवके उडाले, ते आजही तसेच ठेवलेत. खळग्यात बोट जातं. तिथेच मागे वळा: समोरच्या सभागृहाच्या माथ्यावर विक्स्ट्रोमनेच 1903 मध्ये झार पहिला अलेक्झांडर बसवलाय. फिनिश भाषेसाठी झगडलेला माणूस आणि रशियाचा झार, एकाच हाताने घडवलेले, रस्त्याच्या दोन बाजूंना! या एका चौकासाठी माझा सगळा वैताग माफ.

एकच दिवस हाताशी असेल तर विसावुओरी सोडा आणि हा चौक धरा. दोन असतील तर विसावुओरी आधी करा, आणि जेवणाचा डबा बरोबर घ्या.