उपग्रहाच्या चित्रात वणव्याचा धूर ओळखताना

पहिली गल्लत होते ती ढगाशी. नासाच्या वर्ल्डव्ह्यू या संकेतस्थळावर खऱ्या रंगातलं चित्र उघडा, मोडिस किंवा व्हिअर्स या उपग्रहांवरच्या उपकरणांचं, आणि त्यावर आगीच्या ठिपक्यांचा (उपग्रहाला उष्णता जाणवलेल्या जागांचा) थर चढवा. ढग पांढराशुभ्र असतो, बहुतेक वेळा शेजारी सावली पाडतो. धूर करडा, निळसर किंवा मातकट. कडा विरलेल्या, आणि पातळ असेल तर खालची नदी अंधुक का होईना, दिसते. ताज्या धुराचं शेपूट एखाद्या ठिपक्यापाशी निमुळतं होत जातं. ठिपका नाही म्हणून आग नाही, असं मात्र धरू नका. वर दाट ढग असला की आगीची उष्णता उपग्रहापर्यंत पोचतच नाही. उलट, तेलविहिरींवर जाळला जाणारा वायूही हुबेहूब तसाच ठिपका उमटवतो.

तरीही शंका राहिली तर मोडिसचं ७-२-१ पट्ट्यांचं, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त लहरी मिसळलेलं चित्र लावा. पाण्याचे ढग त्यात पांढरेच राहतात, बर्फाचे आकाशी होतात. धुराचे कण इतके बारीक की सातव्या पट्ट्यातल्या २.१ मायक्रॉनच्या लहरी त्यांतून जवळजवळ सरळ पार होतात, त्यामुळे धूर एकदम फिका पडतो.

आता वेळेचं. व्हिअर्स वाहणारे उपग्रह दुपारी दीडच्या आसपास डोक्यावरून जातात. मधल्या तासांसाठी भूस्थिर, म्हणजे एकाच जागेवर कायम नजर ठेवणारा उपग्रहच हवा. अमेरिकेचे गोज आणि जपानचा हिमावरी दर १० मिनिटांनी पृथ्वीची पूर्ण तबकडी टिपतात. पण त्यांचं चलचित्र पाहताना हमखास फसायला होतं. धुराचे कण उजेड जास्त करून पुढच्या दिशेला, म्हणजे सूर्याच्या विरुद्ध बाजूला फेकतात. म्हणून पश्चिम अमेरिकेतला धूर पूर्वेकडच्या गोज-ईस्टला संध्याकाळी ठसठशीत दिसतो आणि पश्चिमेकडच्या गोज-वेस्टला सकाळी. भर दुपारी तोच धूर अर्धामुर्धा वाटतो. "दुपारी धूर ओसरला" असं लिहिण्याआधी सूर्य कुठे होता ते बघा.

खरी अडचण उंचीची. वरून दिसतो तो हवेच्या अख्ख्या स्तंभातला धूर; नाकात जाणारा त्यातला किती, हे चित्र सांगत नाही. एरोसॉलच्या (हवेतल्या सूक्ष्म कणांच्या) प्रकाशीय जाडीचा, म्हणजे ते किती उजेड अडवतात याचा नकाशाही स्तंभाचाच, आणि त्याची एक खोड आहे: फार दाट धुराला गणित ढग समजून वगळतं, आणि नकाशात लोटाच्या ऐन मधोमध भोक पडतं. तिथे ट्रोपोमी या उपग्रहावरच्या उपकरणाचा अतिनील एरोसॉल निर्देशांक कामी येतो. तो ढगावर तरंगणारा धूरही पकडतो, मात्र जमिनीलगतचा धूर कमी दाखवतो. निर्देशांक चढलेला आणि जमिनीवरचं पीएम २.५ (श्वासात जाणाऱ्या बारीक कणांचं प्रमाण) साधारण, तर धूर वरूनच चाललाय.

सरावासाठी ७ जून २०२३ ही तारीख लावा. क्युबेकमधला धूर किनाऱ्याजवळच्या कमी दाबाच्या पट्ट्याभोवती वळून दक्षिणेला, थेट न्यूयॉर्कवर उतरला होता. त्या दिवशी तिथलं जमिनीवरचं पीएम २.५ही प्रचंड वाढलं होतं, म्हणून उंचीचा हिशेब शिकायला ही तारीख सोपी.